दानाचा लॅपटॉप

दुर्गाघाटाच्या गल्लीत दोन माणसं समोरासमोर आली की एकाला भिंतीला चिकटावं लागतं. बिंदुमाधव शास्त्री कधी भिंतीला चिकटल्याचं कुणाला आठवत नव्हतं. समोरचा चिकटायचा, मग तो दूधवाला असो, गाय असो, नाहीतर विद्यापीठातला प्रोफेसर.

शास्त्रीबुवांचं पंचांग आजोबांच्या वेळेपासून निघत होतं. काशीतली मराठी घरं तर ते वापरायचीच, पण ग्वाल्हेर, इंदूर, नागपूरपर्यंत त्याच्या प्रती जायच्या. एक साल खाडा नाही. प्लेग आला तरी निघालं, कागद मिळेना त्या सालीही निघालं. हा अभिमान एका बाजूला, आणि दुसरा अभिमान याहून मोठा. तो असा, की या घराण्याने कधी दान घेतलं नाही. मुहूर्त सांगायचा, शास्त्रार्थ सांगायचा, पुस्तकाची किंमत घ्यायची. पण घाटावर बसून यजमानापुढे हात पसरायचा नाही. “आमचा हात असा असतो,” असं म्हणून ते तळवा जमिनीकडे करून दाखवायचे. मग तोच तळवा आभाळाकडे करायचे आणि म्हणायचे, “असा त्यांचा.” त्यांचा म्हणजे घाटावरच्या भटांचा. बुवांच्या मुंजीत त्या भटांची पंगत वेगळी बसवली होती, हेही ते कौतुकाने सांगायचे.

लोक त्यांच्याकडे विचारायला यायचे: स्कूटर कधी घेऊ, फ्रीज कधी आणू, टीव्ही रंगीत घ्यायचा आहे, सोमवार चालेल का. शास्त्रीबुवा मुहूर्त काढून द्यायचे आणि माणूस जिना उतरला की त्याची टवाळी करायचे. यांना बर्फ पाडायलासुद्धा चंद्रबळ लागतं, म्हणायचे.

दानाच्या दुकानांवर तर त्यांचा विशेष राग. घाटाकडे जाणाऱ्या गल्लीत ती दुकानं आहेतच. छत्री मागितली की दुकानदार आधी विचारतो, “इस्तेमाल के लिए या दान के लिए?” दानाची छत्री एकदा उघडते, दुसऱ्यांदा उघडत नाही. दानाच्या खाटेवर मांजर झोपलं तर पाय बाहेर येतील. दानाच्या चपलेला तळ असतो तो दिसण्यापुरता. मेलेल्या बापाच्या नावाने लोक हा कचरा घेतात, घाटावरच्या भटाला देतात आणि पुण्य पदरात पाडून गाडीला बसतात. बुवांनी आपल्या पंचांगाच्या शास्त्रार्थाच्या पानावर हे खडसावून छापलं होतं. त्याच पानावर दुसराही नियम होता: एकदा उदक सोडून दिलेली वस्तू दात्याने परत घेऊ नये, मागू नये, वापरूही नये. ग्वाल्हेरचा एक यजमान खाट दान केल्यावर दमून तिच्याच कडेला टेकला होता, तर बुवांनी त्याला चार माणसांत उठवून प्रायश्चित्त करायला लावलं होतं.

असा हा माणूस लॅपटॉप वापरत होता. बनारसची बिजली आहे तशी आहे. ग्रहगणित चालू असताना लाइन गेली की टेबलावरचा कॉम्प्युटर सगळं गिळून काळा पडायचा. म्हणून पाच वर्षांपूर्वी त्यांनी हा लॅपटॉप घेतला. पाट्याएवढा जड, रंगाने करडा, पण बॅटरीवर चालायचा, आणि एक जास्तीची बॅटरी वेगळी घेऊन ठेवली होती. गणिताचा प्रोग्रॅम विद्यापीठातल्या एका पोराकडून लिहून घेतलेला. ते पोर नंतर अमेरिकेला गेलं ते कायमचंच. वर्षाचं काम झालं की उजव्या बाजूच्या खाचेत फ्लॉपी घालायची, मजकूर तिच्यावर उतरवायचा आणि फ्लॉपी प्रेसवाल्याच्या हातात द्यायची. प्रेसवाल्याला तेवढंच कळायचं, आणि तेवढं पुरेसं होतं.

लखनौहून उल्हास नावाचा माणूस आला आणि हे बिघडलं. उल्हास मूळचा पुण्याचा, एका लॅपटॉप कंपनीचा या बाजूचा विक्रेता. मराठी घर म्हणून आला, पोहे खाल्ले, ओळख काढली आणि चकचकीत कागद पसरले. नवा लॅपटॉप वहीएवढा जाड होता. जुन्याला पुढच्या वर्षी सुटे भाग मिळणार नाहीत, म्हणाला. मिळणार का नाहीत, तर कंपनीनेच बनवायचे बंद केले होते. म्हणजे आधी यांनीच पाय तोडायचा, मग यांनीच कुबडी विकायला यायचं. बुवांना हे कळत होतं. तरी त्यांनी घेतला, कारण वहीएवढा लॅपटॉप काशीत कुणाकडे नव्हता. पंचांग काढणाऱ्या दुसऱ्या दोन घरांकडे तर नव्हताच.

डबा आला तेव्हा वैशाख लागला होता. बुवांनी तो उघडला नाही. गुरुपुष्य यायचा होता; तोवर डबा देवापुढे ठेवला, वर हळदकुंकू वाहिलं. शरदिनीबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, पावती वाचून दाखवली: काही कमीजास्त असेल तर आठ दिवसांत परत. त्या म्हणाल्या, उघडून तर बघा, मग पुन्हा बांधून ठेवा. बुवांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की जसं काही त्यांनी गाभाऱ्यात चपला घालून यायला सांगितलं. मुहूर्ताआधी उघडायचा, तर मुहूर्त कशाला काढायचा? आठ दिवस गेले. डब्यावरचं कुंकू वाळलं. साऱ्या हिंदुस्थानात हा डबा विकला असेल, पण परत देण्याची मुदत देव्हाऱ्यासमोर बसून घालवणारं गिऱ्हाईक कंपनीला इथेच मिळालं.

जुन्याचं काय करायचं हा प्रश्न त्याआधीच सुटला होता. उल्हासने जुन्याची जी किंमत सांगितली ती ऐकून बुवा म्हणाले होते, “मी जुनं विकत नाही. दान करतो.” वाक्य तोंडातून गेलं आणि ऐकायला इतकं छान वाटलं की मागे घेणं शक्य नव्हतं. शिंदे घाटावरच्या वासुदेवभटाला निरोप गेला. वासुदेव म्हणजे दिवसभर छत्रीखाली बसून पिंडदानं करवणारा, त्याच वेगळ्या पंगतीतल्या भटाचा मुलगा. गुरुपुष्याच्या सकाळी तो आला, पाटावर बसला, तळवा पसरला. बुवांनी लाल फडक्यात बांधलेला लॅपटॉप पुढे ठेवला, तुळशीपत्रावरून पाणी सोडलं आणि “न मम” म्हणाले. माझं नाही. वासुदेव “स्वस्ति” म्हणाला आणि पाट्याएवढं ते ओझं खांद्यावर घेऊन जिना उतरला.

एक गोष्ट मात्र बुवांनी केली होती, ती शरदिनीबाईंनाही माहीत नव्हती. लॅपटॉपमध्ये त्यांनी म्हातारी बॅटरी घातली होती, जी लाइन गेल्यावर चहा उकळायच्या आत मान टाकायची. चांगली बॅटरी कपाटात धोतरांच्या घडीखाली ठेवली. कुणी विचारलं असतं तर शास्त्र तयार होतं: ही बॅटरी मागाहून वेगळी विकत घेतलेली, तेव्हा ती यंत्राचं अंग नव्हे, अलंकार. गाय देताना गळ्यातली घंटा द्यावीच असं कुठे आहे? पण कुणी विचारलं नाही, आणि बुवांनाही स्वतःला हे दोनदा सांगावं लागलं.

मग डबा उघडला. वास छान होता. बुवांनी लॅपटॉप हातात घेतला, उजवी बाजू पाहिली, डावी पाहिली, पाठ पाहिली, पोट पाहिलं, वैद्याने तपासावं तसा. खाच नव्हती. घर घेताना दार आहे का असं कुणी विचारतं का? त्यांनीही विचारलं नव्हतं.

गल्लीच्या तोंडाशी एसटीडी होतं, तिथून लखनौला फोन लागला. उल्हास हसला, आणि या हसण्यावर बुवांनी पुढे अनेक दिवस दात खाल्ले.

“गुरुजी, फ्लॉपी आता कोण वापरतंय?”

“मी.”

“तसं नव्हे हो, जगात.”

“आणि मी कुठे राहतो?”

उल्हासने मग समजावून सांगितलं. खाच काढली म्हणून तर यंत्र पातळ झालं. ही प्रगती आहे. फारच गरज असेल तर बाहेरून जोडायची फ्लॉपी वेगळी मिळते, पाठवून देतो. म्हणजे नाक कापून चेहरा हलका केला, आणि नाक हवंच असेल तर ते खिशात घालून हिंडा, किंमत वेगळी. बुवांना दानाच्या दुकानाची आठवण झाली. निदान तो दुकानदार आधी विचारतो, इस्तेमाल के लिए या दान के लिए. या कंपनीने एवढंही विचारलं नव्हतं.

बाहेरची फ्लॉपी यायला सारा पावसाळा गेला. आली तेव्हा तिच्या तारेचं तोंड लॅपटॉपच्या कुठल्याच भोकात बसेना. ती आधीच्या मॉडेलची होती. बुवांनी फोन केला, पत्र लिहिलं, पुन्हा फोन केला. कंपनीने कळवलं की आपली तक्रार आम्हाला मोलाची आहे. एवढं मोल होतं तर काहीतरी द्यायचं, पण नाही.

तोवर प्रेसवाल्याचा निरोप आला: घटस्थापनेच्या आधी मजकूर हवा, नाहीतर यंत्रावर दुसऱ्याचं काम चढेल. बुवांनी जपून ठेवलेल्या फ्लॉप्या काढल्या. त्यांच्यावर प्रोग्रॅमची नक्कल होती. त्या त्यांनी देवघराच्या भिंतीतल्या कोनाड्यात ठेवल्या होत्या, पवित्र जागा म्हणून. त्या भिंतीला गंगेची ओल चढते हे घरातल्या पालीलाही माहीत होतं. लहुराबीरच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये जाऊन त्यांनी एकेक फ्लॉपी घालून पाहिली. मशीन खाकरायचं, घासायचं आणि नाही म्हणायचं. आतल्या काळ्या चकतीवर पांढरी बुरशी फुलली होती. आजोबांसारखं हाताने करायला वेळ उरला नव्हता. आता साऱ्या जगात ते गणित एकाच ठिकाणी होतं: वासुदेवभटाच्या घरी, लाल फडक्यात.

भाद्रपदाच्या अखेरीस उल्हास पुन्हा आला. या वेळी त्याने पोहे मागून खाल्ले. नव्या कागदावर नवं मॉडेल होतं, आणि त्याच्या उजव्या बाजूला लाल बाण काढून खाच दाखवली होती. ग्राहकांच्या खास आग्रहास्तव, आता फ्लॉपीसह.

“गेल्या खेपेला काढली ती प्रगती होती ना?” बुवांनी विचारलं.

“होती की.”

“मग ही घातलीत ती काय?”

“ही पण.” उल्हासने लिंबू पिळलं. त्याला लाज वगैरे काही नव्हती, आणि खोटंही तो बोलत नव्हता. त्याला जे छापून मिळायचं ते तो बोलायचा. बुवांचं मॉडेल कंपनीने बंद केलं होतं, त्यामुळे ते बदल्यात घेता येणार नव्हतं. नवं हवं तर पूर्ण दाम. शिवाय ते दिवाळीनंतर हातात येणार. बुवांनी विचारलं, मग घ्यावं कधी? उल्हास जरा पुढे वाकला. आपल्या माणसाला म्हणून सांगतो, म्हणाला, थोडं थांबा. पुढच्या साली याहून चांगलं येतंय.

बुवा त्याच्याकडे बघत राहिले. थोडं थांबा, पुढे योग चांगला आहे. हे वाक्य ते स्वतः वीस वर्षं जिन्यावर आलेल्या माणसांना विकत होते, आणि तेही असंच पुढे वाकून.

उल्हास गेल्यावर शरदिनीबाई ताटली उचलता उचलता म्हणाल्या, वासुदेवभावजींकडे जा. बुवा म्हणाले, ते शक्य नाही. दिलेलं मागायचं नसतं. त्यांच्या घरी बसून वापरायचंही नसतं.

“मग तसं छापा पंचांगात,” शरदिनीबाई म्हणाल्या. “यंदा तिथी नाहीत. ज्याने त्याने आपल्या अंदाजाने मरावं.”

पितृपक्ष सुरू होता. शिंदे घाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. डोकी भादरलेली माणसं, पिठाचे गोळे, कावळे, आणि प्रत्येक छत्रीखाली दानाच्या सामानाचा ढीग. बुवा पिशवी काखेत धरून उतरले. पिशवीत पंचा होता आणि पंच्याखाली चांगली बॅटरी. ती का घेतली हे त्यांनी स्वतःशीही स्पष्ट केलं नव्हतं. वाटेत एका यजमानाला वाट देण्यासाठी ते चक्क भिंतीला चिकटले, इतके ते आपल्या विचारात होते.

वासुदेवने त्यांना पाहून उठून नमस्कार केला, चटई झटकली. बुवांनी इकडचं तिकडचं बोलून पाहिलं, पण तिसऱ्या वाक्यालाच विषय संपले. मग त्यांनी सगळं सांगून टाकलं: खाच, बुरशी, घटस्थापना. वासुदेवने ऐकून घेतलं. यंत्र घरीच आहे, म्हणाला. त्याची मुलगी मधुरा त्याच्यावर कॉलेजचं लिहायची. लाइन असली की चालायचं, गेली की मरायचं. पोरीचं अख्खं लिहिलेलं दोनदा पुसलं गेलं, दुसऱ्यांदा रडली आणि मग तिने हातच लावणं सोडलं. हे त्याने कुरकुर म्हणून सांगितलं नाही. दानाची वस्तू अशीच असायची, याची त्याला जन्माची सवय होती.

“दोन दिवस उसनं दे,” बुवा म्हणाले. “किंवा मी तुझ्याकडे येऊन बसतो.”

वासुदेव जरा अडखळला. “तसं तुम्हाला चालणार नाही ना, शास्त्रीबुवा. ग्वाल्हेरवाल्याला तुम्ही इथेच उठवला होता. मी समोर होतो.”

बाजूच्या छत्रीखालचे दोघे भट कान देऊन ऐकत होते.

“एक मार्ग आहे,” वासुदेव म्हणाला. “माझी वस्तू आहे, ती मी कुणालाही देऊ शकतो. आज बाबांची तिथी आहे. त्यांच्या नावाने तुम्हाला देतो. दान म्हणून घ्या, मग तुमचीच.”

त्याच्या चेहऱ्यावर बुवांनी कुचेष्टा शोधली. सापडली असती तर बरं झालं असतं. उठून जाता आलं असतं. वासुदेवचा हिशेब साधा होता. पंचांग निघालं नाही तर पुढच्या साली यजमानाला तो तिथी कुठली सांगणार? बाकी त्या वेगळ्या पंगतीचं त्याच्या मनात होतं की नव्हतं, ते त्याने दाखवलं नाही. बाबांच्या नावाने, एवढं मात्र म्हणाला.

घरून यंत्र आलं. तेच लाल फडकं, पण धुतलेलं. वासुदेवने कडेची धूळ पंच्याने पुसली, त्यावर नवं कोरं वस्त्र घातलं, फूल ठेवलं. घाटावर दान घेणाऱ्या माणसाने दान देताना इतकी तयारी केली. मग त्याने तांब्या उचलला आणि वाट पाहिली.

शास्त्रीबुवांनी हात पुढे केला. सवयीने तळवा खालीच होता. तो त्यांनी उलटा केला, आणि एवढं करायला त्यांना किती वेळ लागला ते बाजूच्या दोघांनी पुढे कितीतरी दिवस लोकांना करून दाखवलं. बोटं जुळवून ओंजळ कशी धरायची हेही त्यांना नीट येईना; वासुदेवने सोडलेलं पाणी बोटांतून मनगटावर आणि मनगटावरून बाहीत गेलं. वासुदेवने बापाचं नाव, गोत्र घेतलं, “न मम” म्हटलं. घेणाऱ्याने पुढचा शब्द म्हणायचा असतो. शब्द एकच, आणि तो बुवांनी आयुष्यात हजारदा दुसऱ्याच्या तोंडून ऐकला होता.

“स्वस्ति,” बुवा म्हणाले.

आता उठून जायचं होतं. पण आत गणित शाबूत आहे की तेही मेलं, हे न बघता घरी जाणं त्यांच्याने होईना. पोरीने काही पुसलं असेल तर? त्यांनी तिथेच फडकं सोडलं, झाकण उघडलं, बटण दाबलं. काही झालं नाही. घाटावर लाइन कुठली.

“ते असं नाही चालत,” वासुदेव म्हणाला. “तारेवरच चालतं. त्याची ताकद गेलीय.”

घरी जाऊन बघता आलं असतं. दोन गल्ल्या तर जायचं. पण बुवांच्या बोटांनी पंच्याखालून बॅटरी बाहेर काढली होती. त्यांनी म्हातारी बॅटरी ओढून चटईवर ठेवली आणि चांगली आत सरकवली. खट् करून ती बसली, पाच वर्षं बसत होती तशी. पडदा उजळला. तिथी, नक्षत्रं, घटका, पळं, सगळं ओळीने खाली सरकू लागलं. आजोबांपासून खाडा नव्हता, हेही साल वाचलं होतं.

वासुदेव पडद्याकडे बघत नव्हता. तो चटईवरच्या बॅटरीकडे बघत होता. मग त्याने आत गेलेल्या बॅटरीच्या जागेकडे पाहिलं, आणि मग बुवांच्या पिशवीकडे. अंग आणि अलंकार यांबद्दलचं शास्त्र बुवांच्या जिभेवर येऊन थांबलं. बाहीतलं पाणी कोपरापर्यंत पोचलं होतं.

“मधुराला सांगू नका,” वासुदेव हळूच म्हणाला. “तिला वाटतंय तिच्याच हातून बिघडलं. तसंच वाटू दे.”

त्याने म्हातारी बॅटरी उचलली आणि दानाच्या ढिगावर ठेवली, खाटेच्या आणि चपलांच्या मधे. तेवढ्यात पायऱ्या उतरून नवा यजमान आला. हातात छत्री होती, काळी, नवी, बांधलेली. त्याने अदबीने विचारलं, पंडितजी, कुठे ठेवू?

“ठेवा तिथेच,” वासुदेव म्हणाला. “उघडू नका.”